डावा कान

न्हाव्याने माझा कान दोन बोटांत धरून दुमडला आणि म्हणाला, "मान डावीकडे." मी वळवली. "डावीकडे हो," तो म्हणाला. मी आणखी वळवली, शीर ताणेपर्यंत, आणि वस्तरा कानामागे टचकन लागला. आरशावरचा दिवा गेला होता, म्हणून त्याने खुर्ची खिडकीच्या उजेडाकडे फिरवली होती आणि तो माझ्यापुढे उभा राहून वाकून काम करत होता. "अहो, माझ्या डावीकडे!" कापूस शोधता शोधता तो करवादला. "मी समोर आहे ना तुमच्या?" उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. गेले कित्येक महिने माझं डोकं ठिकाणावर नाही, त्यात उद्या नको असलेल्या नोकरीची मुलाखत, आणि आता हा शहाणा मलाच माझी मान शिकवणार. मान माझी आहे बाबा, मग डावंही माझंच असणार, एवढंच मी बोलणार होतो. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं. कारण उंदरांच्या बाबतीत हा न्हावी मीच होतो.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर वस्तऱ्याला घाबरून मी पळालो असं त्या दुकानातल्या गिऱ्हाइकांसारखं तुम्हालाही वाटेल. माझं काम उंदरांना आजारी पाडण्याचं. साध्या गळवात, भाजल्याच्या फोडात काही जंतू असतात, ते एक विष सोडतात. ते विष स्वतः फारसं काही करत नाही. ते फक्त शरीरातल्या रखवालदार पेशींना खोटी आरोळी देतं, आणि मग त्या सगळ्याच्या सगळ्या एकदम उठतात आणि चोर समोर नसताना घरभर लाठ्या चालवतात. माणूस जातो तो त्या मारामारीने. साध्या उंदराला ही आरोळी जवळजवळ ऐकूच येत नाही म्हणा. म्हणून उंदरात माणसाचं एक जनुक घालतात. असा उंदीर दिसायला उंदीर, पण या विषापुढे माणूस. सुई टोचली की तो आपल्यासारखा आजारी पडतो, आणि तो पडला तरच ते सगळं थांबवायचं कसं हे शोधता येतं. आधी पडत होते. मग वर्षभरापूर्वी पडेनासे झाले. विष टोचावं, दुसऱ्या दिवशी बघावं, तर हे आपले मजेत दाणे फोडताहेत, चाकावर धावताहेत, एकमेकांच्या अंगावरून उड्या मारताहेत. मी विष बदललं, मात्रा वाढवली, सुई बदलली, टोचण्याची वेळ बदलली. लॅबमधल्या पोरांनी मला वैद्यबुवा म्हणायला सुरुवात केली. "तुमच्या हाताला गुण आहे हो वैद्यबुवा," म्हणायची, "आमच्या आजीला एकदा टोचून जा." मीही हसायचो. हसण्यावारी नेलं नाही तर माणूस करणार काय? पण खरं सांगतो, त्या काचेपलीकडच्या ठणठणीत, गुबगुबीत जनावरांकडे बघून मला इतका संताप यायचा की मी एकदा पिंजऱ्यावर चापट मारली. ते सगळे थबकून माझ्याकडे बघायला लागले, आणि मग पुन्हा खायला लागले.

घरी तर याची एक चेष्टाच होऊन बसली होती. मुलगी आता आठ वर्षांची आहे. जेवायला बसलं की तिचा पहिला प्रश्न, "बाबा, पडले?" मी म्हणायचो, "नाही." की ती ताट वाजवून म्हणायची, "शाब्बास!" ती शाबासकी मला नसायची. बायको म्हणायची, "आपल्या घरात पाऊण वर्ष कुणी ना कुणी शिंकत असतं, आणि तुझे उंदीर तेवढे ठणठणीत. इथेच आणून ठेव त्यांना, आम्ही जातो तिकडे." बोलायला फटकळ, पण यात वाईट हेतू नसायचा. मी हे काम कशामुळे धरलं ते मुलीला माहीत नाही. तीन वर्षांची असताना स्वयंपाकघरात तिच्या पायावर गरम पाणी सांडलं. फार नाही, घोट्यावर एक फोड आला, आम्ही मलम लावलं, ती रडली आणि विसरली. तिसऱ्या दिवशी ताप. अंग लालबुंद. मग ती बोलेना. दवाखान्यात तिला झोपवायला गेलं की ती उठून बसायची, पलंगाच्या कोपऱ्यात, गुडघे पोटाशी घेऊन, डोळे अर्धे मिटून, केस घामाने उभे. त्या कोपऱ्यातून तिला कुणी हलवलेलं चालायचं नाही. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला व्हरांड्यात गाठून सांगितलं, "जंतू त्या फोडातच आहेत हो. बाकीचं हे सगळं तिचं तीच करतेय." तिचं तीच. काय बोलणं झालं हे? तीन वर्षांच्या पोरीबद्दल असं कुणी बोलतं? मला त्या डॉक्टरीणबाईंचा अजून राग येतो, आणि त्यांचं म्हणणं शब्द न् शब्द बरोबर होतं. ती वाचली. पंधरवड्याने तिच्या तळहातांची साल निघायला लागली. एका बोटाच्या टोकाची कातडी अख्खी माझ्या हातात आली, आतून गुलाबी, बाहेरून तिच्या बोटाच्या रेषांसकट. मी ती कुठे टाकावी न कळून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि विसरलो, आणि बायकोने सदरा धुतला. नंतर मी आधीचं बरं चाललेलं काम सोडून बाईंच्या लॅबमध्ये आलो. बाई म्हणजे आमच्या मुख्य. आमचे नातेवाईक अजून विचारतात, ते सोडलंस का रे? मी सांगतो, इथे सुट्ट्या जास्त आहेत.

तर डावा कान. पिल्लं जरा मोठी झाली की शेपटीचं टोक तपासून कुणात माणसाचं जनुक उतरलंय आणि कोण साधं आहे ते कळतं. मग त्यांना ओळखायचं कसं? सगळे सारखेच काळे. म्हणून कानाला भोक. जनुकवाल्याला डाव्या, साध्याला उजव्या. ही भोकं मी पाडायचो. मी उंदीर मानेच्या कातडीला धरून उचलतो, त्याचं तोंड माझ्याकडे, त्याच्या डोळ्यांत बघत. हे असंच शिकलो. त्यामुळे माझ्या डाव्या हाताला येणारा तो डावा कान. आधी उंदीरघर सांभाळायला एक मावशी होत्या, त्याही उंदीर तसाच तोंडापुढे धरून त्याच्याशी गप्पा मारायच्या, "काय म्हणतोस रे लबाडा," करून. आमचं डावं एक होतं. आम्हाला ते कधी बोलावंही लागलं नाही. त्या निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी काका आले. काका उंदराला तोंडापुढे धरत नाहीत. ते पिंजऱ्यात वरून बघतात, पाठीकडून, आणि मला हवे ते उंदीर वेगळे काढून देतात. "डावे द्या," मी म्हणायचो. काका डावे द्यायचे, आणि मी पुन्हा कान न बघता टोचायचो. उंदराचे डावे. गेले सगळे महिने मी कुणाला टोचत होतो? साध्यांना! जगातल्या साध्यातल्या साध्या उंदरांना मी महागडं विष टोचत होतो आणि ते का आजारी पडत नाहीत म्हणून कपाळ बडवत होतो. आणि ज्यांच्यात माणूस होता त्यांना आम्ही मिठाचं पाणी टोचून बाजूला ठेवत होतो. साध्यांनाही विष द्यायला हवं होतं, म्हणजे घोळ पहिल्याच दिवशी कळला असता. पण बाईंची काटकसर! "साधे पडत नाहीत हे जगाला माहीत आहे, त्यांच्यावर विष कशाला वाया घालवायचं?" मीही मान डोलावली होती. आणि घरात रोज सकाळी मुलगी माझ्यासमोर स्टुलावर बसून बुटाचे बंद बांधून घेते आणि मी म्हटलं, "डावा पाय दे," की विचारते, "तुझा डावा की माझा?" रोज. मी म्हणतो, "चल, उशीर होतोय."

"पुसून घेतो, बसा," न्हावी म्हणत होता. मी अंगावरचं फडकं ओढून काढलं. "अहो, अर्धंच झालंय!" मी म्हटलं, "राहू दे." मागे बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "एवढंसं रक्त आलं तर पळतोय बघा." दारातून बाहेर पडलो तर एक पोरगं माझ्या डोक्याकडे बघून तोंडावर हात ठेवून हसलं. हसू दे. कारण त्या दिवशी सकाळी काका आमच्या पिंजऱ्यांची मांडणी रिकामी करणार होते. बाईंनी परवाच सांगितलं होतं, "आता पुरे झालं. हे वाण विझलं. जागा दुसऱ्यांना हवी आहे." पिंजरे रिकामे करणं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे, त्याला दुसरा शब्द आम्ही वापरत नाही. काका म्हणाले होते, "तुम्ही नसलात तरी चालेल," आणि मी पटकन म्हणालो होतो, "मला केस कापायचेत." उद्याची मुलाखत मेव्हण्याने जमवलेली. औषधाच्या कंपनीत, दवाखान्यादवाखान्यांतून यंत्रं विकायची. बायकोने सदरा इस्त्री करून टांगलाही होता. मी रस्त्याने जवळजवळ पळत होतो, वाहनं थांबेनात, सिग्नल सुटेना. इतकं साधं! इतकं साधं आणि बावळट, की कुणाला सांगायची सोय नाही. काहीतरी गहन निघालं असतं, जनुक झोपी गेलं, विषाने रूप बदललं, तर त्यावर निदान भाषण तरी करता आलं असतं.

उंदीरघरात शिरताना बूट बदलायचे, डगला घालायचा, टोपी घालायची. टोपी घालताना कापलेल्या बाजूला तिचा रबर झोंबला. आत वरचे दोन खण रिकामे होते आणि पिंजरे धुऊन पालथे घातलेले होते. काका खालच्या खणाशी उभे होते. "काका, थांबा!" मी इतक्या जोरात ओरडलो की सगळ्या मांडणीतली खुडबुड एकदम बंद झाली. काका म्हणाले, "ओरडता कशाला? इथे ओरडायची बंदी आहे." मी विचारलं, "कुठले गेले?" ते म्हणाले, "विषवाले. ते कुणाच्या कामाचे नाहीत. हे मिठाच्या पाण्याचे ठेवलेत, शेजारच्या पोरांना सुई टोचायच्या सरावाला हवेत म्हणाले." मी खाली बसलो. म्हणजे नको ते गेले आणि हवे ते सरावासाठी उरले! ज्या घोळाने वर्ष खाल्लं, त्यानेच यांना वाचवलं. मला हसू येत होतं की रडू ते कळेना. मी एक उंदीर काढून तोंडापुढे धरला आणि म्हणालो, "काका, याचा डावा कान दाखवा." काका माझ्या शेजारी आले आणि त्यांनी एक कान दाखवला. मी दुसरा दाखवला. उंदीर मधे लटकत होता.

"हा डावा," मी म्हटलं.

"हा उजवा," काका म्हणाले. "कान त्याचा ना? मग डावा पण त्याचाच."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत?" काका तडकले. "डावे द्या म्हणालात, डावे दिले. आता माझ्यावर ढकलू नका. तुम्ही भोक कुठल्या कानाला पाडलं ते मी काय स्वप्नात बघू?" मीही आवाज चढवला. तो चढवला म्हणून मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी चढवला. त्या गडबडीत बाई आल्या. त्यांना सगळं दोनदा सांगावं लागलं. त्यांनी उंदीर माझ्याकडून घेतला, आपल्याकडे तोंड केलं, मग पाठ केली, मग स्वतः गर्रकन वळून उभ्या राहिल्या, मग स्वतःच्या कानाला हात लावला. इतक्या मोठ्या बाई, त्यांच्या नावावर इतके शोध, आणि त्या डावं-उजवं करत गोल फिरताहेत. "थांब, माझाही गोंधळ होतोय," त्या म्हणाल्या. मग उंदीर काकांकडे देऊन त्यांनी कपाळाला हात लावला. "रक्ताचा थेंब घे आणि जनुक बघ. निघालं तर उद्या सकाळी विष टोच. एकदाच हं. आणि ते डोक्याचं काय झालंय तुझ्या?"

संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. सगळ्यांच्या सगळ्यांत माणूस होता. मी घरी आलो आणि बायकोने दार उघडताच डोक्याकडे बघितलं. "हे काय?" मी तिला डाव्या कानाची सगळी गोष्ट सांगितली, हातवारे करून, तिलाच एकदा उंदीर करून. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे उद्या तू जाणार नाहीस." मी म्हटलं, "सकाळी टोचायचं आहे." "माझ्या भावाने चार लोकांकडे शब्द टाकला होता." "मी त्याच्याशी बोलतो." "तू काय बोलणार? उंदराचा कान उलटा झाला म्हणून?" ती आत गेली. टांगलेला सदरा घडी करून कपाटात ठेवल्याचा आवाज आला. मुलीला मात्र माझं डोकं फार आवडलं. ती एकदा या बाजूला उभी राहून बघायची, एकदा त्या बाजूला. "इकडून तू दुसराच दिसतोस," म्हणाली. त्या दिवशी तिने "पडले?" विचारलं नाही.

सकाळी टोचलं. सुई नीट गेली. दिवसभर मी दर थोड्या वेळाने काचेशी जाऊन उभा राहत होतो. दुपारपर्यंत ते दाणे फोडत होते आणि मला वाटलं, आता हेही नाही? मग जेवणानंतर गेलो तर चाक थांबलेलं होतं. कुणी दाण्यापाशी नव्हतं. एक कोपऱ्यात बसला होता, पाठीची कमान करून, पाय पोटाशी ओढून, डोळे अर्धे मिटून. अंगावरचे केस उभे. मी काचेवर बोट वाजवलं. तो हलला नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "पडले! वैद्यबुवा, गेला तुमच्या हाताचा गुण!" आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी पाठीवर थाप मारली. त्या चक्क हसत होत्या, "अरे, हेच तर हवं होतं आपल्याला." हवंच होतं. मी वर्षभर हेच मागत होतो. मीही म्हणालो, "जमलं, जमलं," आणि माझी नजर त्या कोपऱ्यावरून निघेना. इतकं हुबेहूब असायची काय गरज होती? काका बाजूला येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "फार वेळ ठेवायचे नाहीत यांना." मी म्हटलं, "नाही. रक्त घेतलं की पिंजरे रिकामे करा." ते म्हणाले, "सगळेच ना?" मी म्हटलं, "सगळेच." त्यांनी मान हलवली आणि हातमोजे आणायला गेले. कालचं भांडण आमच्यात उरलं नव्हतं.

घरी बायकोने मला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं. "बस. असं अर्ध्या डोक्याने किती दिवस फिरणार आहेस?" तिचा राग पूर्ण गेला नव्हता, ते कात्रीच्या आवाजावरून कळत होतं. मुलगी आरसा धरून समोर उभी होती. तो धरून धरून खाली यायचा आणि मला माझं तोंड जाऊन तिचंच तोंड दिसायचं. बायकोने माझा कान दोन बोटांत धरून दुमडला. "हलू नकोस."

"बाबा," मुलीने विचारलं, "पडले?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "पडले," मी म्हटलं.

ती शाब्बास म्हणाली नाही. मागे कात्री थांबली. मुलीने आरसा खाली ठेवला. "सगळे?"

"सगळे."

"मग आता बरे कधी होणार?"

माझ्याकडे उत्तर होतं, खरंखुरं, पाच वर्षं घोटलेलं. त्यासाठीच तर पाडले, हे पडले म्हणून उद्या कुणीतरी बरं होईल, कुठल्यातरी दवाखान्यात कुणीतरी पलंगाच्या कोपऱ्यातून उठेल. मी तोंड उघडलं. ती माझ्यासमोर उभी होती, रिकाम्या हाताची बोटं एकमेकांत घासत, आणि वाट बघत होती.

"बाबा, सांग ना."

"मान डावीकडे कर," बायको मागून म्हणाली. तिचा आवाज बदललेला होता. तिची बोटं अजून माझ्या कानावर होती, पण आता तिने तो दुमडला नव्हता, नुसता धरला होता. मी मान वळवली, आणि मला भिंत दिसायला लागली.